टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला बर्फात आणि चिखलात कोणते टायर लावायचे?

थंडी सुरू झाली की एका प्रकारचे रील हमखास फिरायला लागतात. अमेरिका किंवा कॅनडातला बर्फाळ रस्ता, थोडासाच चढ आणि त्यावर एक भलीमोठी पिकअप. बोनेट माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं उंच, इंजिन दणकट, पण मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतायत आणि गाडी हळूहळू आडवी होत खाली घसरतेय. तेवढ्यात शेजारून एखादी छोटीशी कार काही झालंच नाही अशा थाटात चढ चढून निघून जाते. खाली कमेंटमध्ये पिकअपवाल्याची यथेच्छ खेचली जाते.

पण बऱ्याचदा चूक ड्रायव्हिंगची नसते. चूक काही महिने आधी, टायरच्या दुकानात झालेली असते.

अमेरिकेत पिकअप हे घरोघरी दिसणारं वाहन आहे. फोर्डची एफ-सिरीज तर कित्येक दशकं तिथली सगळ्यात जास्त विकली जाणारी पिकअप आहे. या गाड्यांचं स्वस्तातलं मॉडेल टू-व्हील ड्राइव्ह असतं आणि त्यात इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. (फोर्ड मॅव्हरिकसारख्या छोट्या पिकअपचं साधं मॉडेल पुढच्या चाकांवर चालतं, तो अपवाद.) टोरांटो किंवा मिनियापोलिसला राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने सेकंडहँड पिकअप स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली, तर पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न पडतो: आता फोर-व्हील ड्राइव्हच घ्यायला हवी होती का? की नुसते टायर बदलून भागेल?

बहुतेकांचं टायर बदलून भागतं. फक्त टायर नेमके हवेत, आणि दिसायला सगळ्यात राकट असलेला टायर बहुधा चुकीचा निघतो.

गाडी एवढी जड, मग घसरते का?

कारण वजन चुकीच्या जागी आहे. पिकअपचं इंजिन पुढे, केबिन पुढे आणि मागे रिकामा हौदा. त्यामुळे रिकाम्या पिकअपचं साधारण ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर पडतं. गाडी ढकलायचं काम मात्र मागच्या, हलक्या चाकांकडे. छोट्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह कारमध्ये इंजिनाचं वजन नेमकं त्याच चाकांवर असतं जी गाडी ओढतात, म्हणून ती चढून जाते.

एक ढोबळ हिशोब करून बघू. रिकामी पिकअप २००० किलोची आणि मागच्या चाकांवर त्यातलं ८४० किलो वजन. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या टायरची पकड ०.२ धरा. म्हणजे चाकांवर जेवढं वजन आहे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच जोर रस्त्यावर लागू शकतो. तो झाला १६८ किलो. आता दर १० मीटरला १ मीटर उंच होणारा चढ घ्या. तो चढायला गाडीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे २०० किलोचा जोर हवा. हातात आहेत १६८. गाडी चढणार नाही, मग इंजिन कितीही ताकदीचं असो.

यावर तिकडचा जुना उपाय म्हणजे हौद्यात वाळूच्या गोण्या टाकणे. हिवाळ्यात हार्डवेअरच्या दुकानात ६० पाउंडांच्या, म्हणजे सुमारे २७ किलोच्या लांबट पिशव्या याच कामासाठी विकायला असतात. समजा पाच पिशव्या, साधारण १४० किलो वाळू, बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेवली. मागच्या चाकांवर आता ९८० किलो आले आणि जोर झाला १९६. पण गाडीही २१४० किलोची झाली, त्यामुळे चढायला २१४ लागतात. अजूनही थोडक्यात हुकलं.

आता वाळू काढून टाका आणि चांगले विंटर टायर लावा. पकड ०.२ वरून ०.३ वर गेली असं धरा. रिकाम्या गाडीचाच जोर ८४० च्या ३० टक्के, म्हणजे २५२ किलो झाला. लागत होते २००. गाडी चढली. वाळू आणि टायर दोन्ही असतील तर २९४ विरुद्ध २१४, म्हणजे हातात चांगलीच शिल्लक.

वाळू वाईट नाही, पण टायरची जागा ती घेऊ शकत नाही. आणि टाकलीच तर बांधून ठेवावी. जोरात ब्रेक लागल्यावर सुटी गोणी केबिनच्या मागच्या काचेकडे झेपावते.

ब्रेकचं काय?

चढ चढता आला नाही तर फार तर फजिती होते. थांबता आलं नाही तर अपघात होतो. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. वरचीच पकड धरली तर दाबलेल्या बर्फावर साध्या टायरला सुमारे ४९ मीटर लागतात आणि विंटर टायरला ३३. हा १६ मीटरचा फरक एसटी बसच्या लांबीपेक्षा जास्त आहे. गुळगुळीत, ओल्या बर्फावर पकड ०.१ पर्यंत उतरली की तेच अंतर १०० मीटरच्या घरात जातं.

इथे फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांचाही भ्रम तुटतो. ब्रेक कुठल्याही गाडीत चारही चाकांना असतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. चांगले विंटर टायर लावलेली टू-व्हील ड्राइव्ह पिकअप गुळगुळीत टायरच्या फोर-बाय-फोरपेक्षा आधी थांबेल.

म्हणूनच "ताकद मागे जाते ना, मग दोनच विंटर टायर मागे लावू" हा हिशोब फसवा आहे. पैसे अर्धे वाचतात खरे. पण ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवायचं बहुतांश काम पुढची चाकं करतात. वळायचं कामही त्यांचंच. मागे पकड आणि पुढे साधे टायर असतील तर गाडी सुटते मस्त, पण वळणावर स्टिअरिंग फिरवूनही सरळ निघून जाते. उलट केलं, फक्त पुढे लावले, तर मागचा भाग गाडीला ओव्हरटेक करायला बघतो. बर्फात लावायचे तर चारही.

बर्फाला हवं ते चिखलाला नको

टायरच्या दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बर्फ काय आणि चिखल काय, दोन्ही निसरडेच, तेव्हा मोठमोठ्या ठोकळ्यांचा टायर दोन्हीकडे चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोघांच्या मागण्या जवळजवळ उलट आहेत.

आधी बर्फ. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही, वरून सरकतं. विंटर टायरचं रबर असं बनवलेलं असतं की ते उणे २० अंशालाही मऊ राहतं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. गाडी चालताना या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात.

आणि एक गंमत. बर्फ बर्फाला रबरापेक्षा जास्त घट्ट धरतो. मुलं बर्फाचा गोळा करतात तेव्हा तो चिकटून राहतो, तसंच. त्यामुळे विंटर टायरच्या खाचांत थोडा बर्फ दाबून बसलेला असणं चांगलं. टायर मुद्दाम तसा घडवलेला असतो.

चिखलाचं उलटं. खाचांत चिखल भरला की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो आणि चिखलावर चिखल फिरत राहतो. म्हणून चिखलाच्या टायरला, ज्याला मड-टेरेन म्हणतात, मोठे ठोकळे आणि त्यांच्यात रुंद मोकळी जागा असते. चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जावा आणि पुढच्या फेरीला खाच रिकामी मिळावी, हा त्यामागचा विचार. रबरही दगड-मुळांनी फाटू नये म्हणून टणक असतं.

असा टायर ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फात बऱ्यापैकी चालतो. पण रोजच्या हिवाळ्यातला रस्ता तसा नसतो. तिथे असतो गाड्यांनी दाबलेला, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला चकचकीत थर. त्यावर मड-टेरेनचे ते मोठे, टणक, चिरा नसलेले ठोकळे सरकतात. रीलमधल्या घसरणाऱ्या पिकअपचे टायर नीट बघा, कित्येकदा तेच असतात.

रुंदीच्या बाबतीतही तेच. बर्फात आणि बर्फाच्या लगद्यात अरुंद टायर बरा, कारण तो थर कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. चिखलात खाली कुठेतरी टणक जमीन असेल तर अरुंद टायर तिथे टेकतो, पण तळच नसलेल्या दलदलीत रुंद टायर वरवर तरंगून निघतो. वजनही तसंच. बर्फात जो वाळूचा भार मदत करत होता, तोच मऊ चिखलात गाडीला आणखी रुतवतो. बर्फ वितळून चिखलाचे दिवस आले की गोण्या उतरवायच्या.

टायरवरच्या दोन खुणा

टायरच्या बाजूवर खूप काही छापलेलं असतं. त्यातल्या दोन खुणांवर लोक हमखास फसतात.

पहिली "एम प्लस एस", म्हणजे मड अँड स्नो. नाव वाचून वाटतं झालं, हाच टायर पाहिजे. पण ही खूण फक्त नक्षीच्या आकारावरून मिळते. खाचा ठरावीक पद्धतीच्या असल्या की कंपनी ती छापू शकते, बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही. साध्या ऑल-सीझन टायरवरही ती असते.

दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाच्या संघटनांनी आणली. ती मिळवायला टायरची दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी होते आणि ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा ठरलेल्या प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत आणि तिथे डिसेंबर २०१४ पासून नुसती "एम प्लस एस" खूण चालत नाही, हिमकणच लागतो. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबरपासून डोंगराळ मार्गांवर नियम लागू होतो. तिथे दोन्ही खुणा चालतात, पण नक्षी किमान ३.५ मिलिमीटर खोल हवी.

हिमकणाची चाचणीही अर्धीच गोष्ट सांगते, हे लक्षात ठेवलेलं बरं. ती गाडी सुटतानाची पकड मोजते. ब्रेकची नाही, वळणाची नाही आणि काचेसारख्या बर्फावरची तर अजिबातच नाही. त्यामुळे हिमकण असलेला ऑल-टेरेन टायर आणि हिमकण असलेला खरा विंटर टायर एकाच तोलाचे नसतात. दुकानदार मात्र दोन्हीकडे बोट दाखवून "सेमच आहे" म्हणू शकतो.

मग घ्यायचा कुठला?

गाडी मुख्यतः शहरात आणि हायवेवर फिरते, घर डांबरी रस्त्यावर आहे आणि चिखल वर्षातून दोन-चारदाच लागतो, तर सरळ दोन जोड ठेवावेत. हिवाळ्यात चार विंटर टायर आणि बाकी वर्ष ऑल-सीझन किंवा ऑल-टेरेन. खर्च दुप्पट वाटतो, पण एक जोड वापरात असताना दुसरा झिजत नाही. विंटर जोडासाठी वेगळे स्टीलचे रिम घेतले तर दर मोसमाला टायर काढ-घाल करायची मजुरी वाचते. वसंतात हे टायर वेळेवर उतरवायचे, कारण ते मऊ रबर उन्हाळ्याच्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजतं.

घर कच्च्या रस्त्याच्या टोकाला आहे, डिसेंबरात बर्फ, एप्रिलमध्ये गुडघाभर चिखल आणि खिशाला एकच जोड परवडतो, तर हिमकण असलेला ऑल-टेरेन टायर ही चांगली तडजोड आहे. बीएफगुडरिचचा ऑल-टेरेन केओ२ किंवा फाल्कनचा वाइल्डपीक एटी३डब्ल्यू हे या प्रकारातले प्रसिद्ध टायर. मात्र आपल्या साइजच्या टायरवर खूण प्रत्यक्ष आहे ना, ते बोटाने चाचपून बघावं. हा टायर चिखलात मड-टेरेनएवढा आणि बर्फात विंटरएवढा नसतो, पण दोन्हीकडे नापास होत नाही.

मड-टेरेन फक्त जंगलतोडीच्या कामावर किंवा शेतातल्या खोल चिखलात रोज जाणाऱ्याने घ्यावा, आणि हिवाळ्यात सोबत साखळ्या ठेवाव्यात. हायवेवर तो आवाज करतो, डिझेल-पेट्रोल जास्त खातो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतो. फोटोत मात्र भारी दिसतो, हे मान्य.

पिकअपसाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे भार. टायरवर साइजच्या पुढे जो आकडा असतो तो लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. माल वाहायचा किंवा ट्रेलर ओढायचा असेल तर कंपनीने सांगितलेल्या इंडेक्सपेक्षा कमीचा टायर घेऊ नये. साइजच्या आधी "एलटी" असेल तर तो हलक्या ट्रकसाठी बनवलेला, जाड बाजूंचा टायर. सतत माल वाहणाऱ्याला तो हवाच, पण हौदा कायम रिकामा असेल तर त्याचा कडकपणा उगाच अंगावर येतो.

हवा, खिळे आणि साखळ्या

तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत पाच-सहा पीएसआय कमी भरते, म्हणून ती थंड टायरवरच मोजायची. बर्फाळ हायवेवर मुद्दाम हवा कमी करू नये. चिखलात किंवा शेतात अडकल्यावर थोडी हवा सोडली तर टायर पसरतो आणि गाडी निघते, पण रस्त्यावर येताच परत भरायची. पंप सोबत नसेल तर हा प्रयोग नको.

धातूचे खिळे ठोकलेले टायर काचेसारख्या बर्फावर सगळ्यात भरवशाचे, पण ते रस्ता उखडतात. म्हणून जागोजागी नियम वेगळे आहेत. ओंटारियोच्या उत्तर भागात चालतात, दक्षिणेत, म्हणजे टोरांटोकडे, बंदी आहे. मिनेसोटातल्या रहिवाशांनाही ते लावता येत नाहीत. साखळ्या मागच्या ड्राइव्ह असलेल्या पिकअपला मागच्या चाकांवर चढवायच्या आणि वेग ताशी ५० किमीच्या आत ठेवायचा. ऐन बर्फात पहिल्यांदा साखळी उलगडण्यापेक्षा घरी एकदा चढवून बघितलेली बरी.

गाडी अडकलीच, तर पेडल दाबून चाकं गरगरवू नयेत. टायरखालचा बर्फ घर्षणाने वितळतो, त्यावर पाण्याचा थर येतो आणि खड्डा आणखी गुळगुळीत होतो. साध्या डिफरन्शियलमध्ये तर ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत बसतं. हौद्यातली वाळूची एक पिशवी फोडून चाकासमोर टाकायची, हा त्या गोण्यांचा खरा उपयोग.

आपल्याकडची पिकअप

महाराष्ट्रात बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या गाड्याही बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह आणि ताकद मागच्या चाकांना. फक्त इथे बर्फाऐवजी पावसाळ्यातली काळी माती आहे. टोमॅटो किंवा कांदा भरायला गाडी बांधावरून आत गेली की काळी चिकट माती दोन फेऱ्यांत टायरच्या नक्षीत भरून बसते. आपल्याकडचे गाडीवाले पुढे सरळ रेघांचा रिब टायर आणि मागे ठोकळ्यांचा लग टायर लावतात, त्यामागे तेच तत्त्व आहे: पुढच्याने दिशा धरायची, मागच्याने चिखल फेकत ढकलायचं. रिकामी गाडी उलटी लावून ठेवणं आणि भरल्यावर सरळ बाहेर काढणं हा अनुभवाचा शहाणपणा, कारण भरलेली पिकअप मऊ रानात वळवायला गेलं की मागचं चाक बसतंच.

बर्फाची वेळ येते ती हिमाचल किंवा काश्मीरकडे गेल्यावर. मनालीच्या वर अटल बोगद्याच्या परिसरात जोरदार बर्फ पडला की पोलीस टू-व्हील ड्राइव्ह गाड्या खालीच अडवतात आणि फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. खरे विंटर टायर भारतात सहज मिळत नाहीत, त्यामुळे इथे उपाय साखळीचाच. महाराष्ट्रातून नेलेल्या गाडीचा लग टायर त्या गोठलेल्या रस्त्यावर कामाचा नाही. चिखलासाठी कमावलेले ते टणक ठोकळे तिथे मड-टेरेनसारखेच सरकतात.

आणि टायर कुठलाही घ्या, अमेरिकेत किंवा नगरच्या मार्केटमध्ये, बाजूवरचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ३५२४ लिहिलं असेल तर तो २०२४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात पाच-सहा वर्षं पडून राहिलेला विंटर टायर नवा दिसतो, नक्षीही पूर्ण असते, पण ज्या मऊ रबरासाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते तोवर कडक होत आलेलं असतं.